पाणी उकळू दे

१४ सप्टेंबर

जागा मिळाली. सियाब बाजारामागच्या गल्लीत, पूर्वी तिथे जोड्यांचं दुकान होतं. भिंतींना अजून चामड्याचा वास आहे. कुंदुझ नाक दाबून म्हणाली, "आधी चामडं, मग मांस. तुझं जनावर उलटं चालत आलंय." माझी बायको चिमटा काढते तो असा, की आधी हसू येतं आणि घरी गेल्यावर दुखतं.

उघडायच्या दिवसापर्यंत समरकंदातली एकेक खाणावळ पालथी घालायची आणि काय खाल्लं ते इथे लिहायचं, असं ठरवलंय. सात वर्षं या शहरात राहतोय, पण रेल्वेच्या उपाहारगृहात दुसऱ्याच्या पातेल्यात पळी हलवणाऱ्याला बाहेर जेवायला सवड कुठली? आता पातेलं माझं. कझाख खाणावळ. 'शहरातली पहिली' अशी पाटी रंगवणार होतो, कुंदुझने पुसायला लावली. पहिली म्हटलं की लोक दुसरीची वाट बघतात, म्हणे.

आकेंना फोन लावला. कार्कारालीच्या आमच्या गावात दुपारी रेंज बरी असते. माझी पोरगी तोमिरिस मांडीवर होती. ती मला आके म्हणते आणि मी माझ्या वडिलांना आके, त्यामुळे तिने "आके!" म्हटलं की फोनमधून ते ओ देतात आणि इकडून मी.

"पुन्हा नवी चूल?" आके म्हणाले.

"ही शेवटची."

"मागची पण शेवटचीच होती. वेल्डिंग शिकलास, सोडलंस. ट्रक घेतलास, विकलास. सेरझान, तू चूल पेटवतोस झकास. पण पाणी उकळायच्या आत उठतोस."

खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, याचाच जास्त राग येतो. मग म्हणालो, "उघडायच्या दिवशी या तुम्ही. सत्तावीस ऑक्टोबर. मुंडी तुमच्यापुढे ठेवल्याशिवाय मी दार उघडणार नाही."

ते खोकले. बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "येईन. पण कान तुलाच देणार हं."

आमच्यात मेंढ्याच्या मुंडीला ज्याचा बाप जिवंत आहे तो सुरी लावत नाही. ती ताटात, थोबाड समोर करून, थोरल्या पाहुण्यापुढे जाते. तो कापतो आणि सगळ्यांना वाटतो. कान पोरांना, ऐकायला शिकावं म्हणून. मी चौतीस वर्षांचा आहे, माझी पोरगी शाळेत जाते, आणि आके अजून भर पंक्तीत मुंडीचा कान कापून माझ्या ताटात टाकतात. सगळे हसतात. मी तो खातो. खरं सांगायचं तर मला तो आवडतोही.

२० सप्टेंबर

साबिर आकांचा पुलाव. (इथे थोरल्या माणसाला आका म्हणतात.) दुपारी एकनंतर गेलात तर फक्त रिकामी कढई बघायला मिळते. कढईत एक मेंढा उभा राहील. खाली मांस, वर पिवळी गाजरं, त्यावर भात, आणि ताटात वाढतानाही तोच थर, काही ढवळायचं नाही. मी चमच्याने कालवायला लागलो तर साबिर आका कढईवरूनच ओरडले, "ए कझाख! ताश्कंदात आहेस का? कालवलेला पुलाव म्हणजे सासू-सुनेचं भांडण. ज्याचं त्याने आपापल्या मजल्यावर राहावं."

पोटाचा घेर कढईएवढा आणि जीभ झाऱ्यासारखी, सगळं तळ ढवळून काढणारी. पण बसले समोर, स्वतःच्या हाताने हिरव्या चहाची पियाली भरून दिली.

"तू काय देणार लोकांना?"

"मेंढ्याचं मांस, घोड्याचं मांस. लाटलेल्या पिठाचे रुंद तुकडे. वरून रस्सा."

"मसाला?"

"मीठ. कांदा. मिरी असली तर."

"तळून?"

"उकडून."

"अरे, मग दवाखान्याच्या बाजूला जागा घे की! आजाऱ्याचं जेवण बाजारात कशाला?"

शेजारच्या बाकावरचे दोघे खो खो हसले. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. "या तुम्ही सव्वीस ऑक्टोबरला, उघडायच्या आदल्या दिवशी, खाऊन बघा आणि मग बोला," म्हणून उठलो. पुलाव मात्र अप्रतिम होता. लसणाचा अख्खा गड्डा लोण्यासारखा विरघळला तोंडात. हे कुंदुझला सांगितलं नाही.

२४ सप्टेंबर

उर्गुतच्या रस्त्यावर तंदुरात लटकवून भाजलेलं मेंढ्याचं मांस, तळाशी जुनिपरच्या फांद्या. गिऱ्हाईक हाताने खातं, बोलत नाही. स्टेशनमागे एका उईगूर बाईकडे लाग्मान, शेवया हाताने ओढलेल्या, इतक्या लांब की उभं राहून खावंसं वाटलं. बाजारात नानवाल्याकडे एक नान उचलला, वीटच. समरकंदचा नान तीन वर्षं टिकतो म्हणतात. आमच्या लग्नातला अजून टिकलाय, भिंतीवर टांगलाय, उंदीरही त्याच्या वाट्याला जात नाही.

एक गोष्ट दिसली. हे लोक आगीचं खातात. भाजलेलं, तळलेलं, तंदुरातलं. ज्याला आवाज आहे, धूर आहे, वास आहे. माझं सगळं पाण्यातलं. मुकाट शिजणारं. यांना ते दिसणार कसं?

संध्याकाळी पहिला घाट घालून पाहिला. घाई झाली, आच वाढवली, रस्सा गढूळ झाला. साबिर आका सहज म्हणून डोकावले होते, एक घोट घेतला आणि म्हणाले, "काय रे, गाडी सुटत होती का तुझी?" पातेलं मोरीत ओतलं. आकेंचा आवाज कानात वाजत होता.

२ ऑक्टोबर

आज आकेंशी बोललो, पण आवाज बारीक वाटला. तोलेगेनदादाने फोन धरून दिला असावा, कारण मधूनच त्याचा श्वास ऐकू येत होता. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, गावात घोडे बघतो, बोलतो कमी.

"किती माणसं बसतील?" आकेंनी विचारलं.

"तीस."

"पाणी कुठलं?"

"नळाचं. गाळून घेतो."

"फेस काढ. उकळी यायच्या आधी जो फेस येतो ना, तो सगळा काढ. त्याचाच तुला कंटाळा. फेस काढला, आच कमी केली, की मग माणसाने तिथून हलायचं नाही."

"मी येऊ का तिकडे? चार दिवस येऊन जातो."

"कशाला, माझी नाडी बघायला? डॉक्टर आहेस? तुझं काम कर." मग थांबून म्हणाले, "मी यायचंय ना तिकडे?"

दादाने फोन घेतला. कारागांदीला मोठ्या दवाखान्यात दाखवून आणतो म्हणाला. खोकला आहे, बाकी काही नाही. मी म्हणालो, लपवू नकोस. तो म्हणाला, "तुझ्यापासून काय लपवायचं?" त्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून विश्वास ठेवला. पण जेवण गेलं नाही. चायखान्यात शाशलिक, सळईवर भाजलेलं मांस, मागवली आणि तशीच ठेवून उठलो.

६ ऑक्टोबर

दादा फोन उचलत नाही. काल सकाळपासून. वहिनी उचलत नाही. शेवटी गावातल्या दुकानाला फोन लावला, दुकानदार म्हणाला, "हो हो, सगळे आहेत," आणि ठेवून दिला. सगळे आहेत म्हणजे काय? मी ते विचारलं होतं का?

कुंदुझचे डोळे सुजलेत. कांदा कापत होती म्हणाली. आमच्या घरात आज कांद्याचं काहीच शिजलेलं नव्हतं, पण ती खाणावळीचा सराव करत असेल. तिच्याही अंगावर या सगळ्याचं दडपण आहे, दाखवत नाही एवढंच. मी म्हणालो, "घाबरू नकोस, चालेल आपली खाणावळ." ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. असं ती तोमिरिसला ताप आला की करते.

८ ऑक्टोबर

दादा बोलला एकदाचा. आवाज बसलेला. "थंडी लागलीय." आके? "झोपलेत." उठवू नकोस, पण उठले की फोन कर. "बरं." केला नाही.

आज कुंदुझ एकाएकी म्हणाली, "उघडायच्या दिवशी गाणारे नको बोलवूया."

"का? साबिर आकांनी कर्णेवाले द्यायचं कबूल केलंय. गल्लीला कळायला नको?"

"जेवण चांगलं असलं की कळतं."

"जेवण मुकं आहे आपलं, कुंदुझ! त्याला आवाज कुठाय? म्हणून तर कर्णे."

ती आत गेली. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्या बायकोने वाद अर्धा सोडला.

१२ ऑक्टोबर

रागात लिहितोय, अक्षर वाचता आलं तर नशीब.

दादाच्या मुलीने, आसेलने, तोमिरिसला व्हिडिओ कॉल लावला. पोरींच्या गप्पा. मी मागून बघत होतो, आके कुठे दिसतात का म्हणून. अंगणात राखाडी लोकरी नमद्याचा तंबू उभा केलेला दिसला. माणसं खूप. दाराशी जोड्यांचा ढीग. आसेल चालत चालत आत गेली आणि मला पंगत दिसली. मधोमध तोलेगेनदादा. त्याच्यासमोर ताट. ताटात मुंडी. आणि त्याच्या हातात सुरी.

त्याने गालाचा तुकडा कापला आणि शेजारच्या म्हाताऱ्याला दिला. अगदी सराईतपणे.

"आसेल! तुझे बाबा काय करतायत ते?" मी ओरडलो. पोर दचकली. पडदा फिरला, छत दिसलं, फोन बंद.

आके घरात असताना! खोकत असतील, अंथरुणावर असतील, उठता येत नसेल, तरी त्यांच्याच छपराखाली थोरल्या मुलाने मुंडीला हात लावायचा? एवढी घाई झालीय त्याला कर्ता व्हायची? आणि बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकानेही मनगट धरू नये? घोडे त्याच्या ताब्यात, घर त्याच्या ताब्यात, आता जागाही. फोन का लागू देत नाही ते कळलं. मी दूर आहे म्हणून रान मोकळं सापडलंय.

कुंदुझला सांगितलं तर ती खाली बसली. भिंतीला टेकून, जमिनीवर. म्हणाली, "दादांबद्दल असं बोलू नकोस."

"मग काय बोलू? तू पाहिलंस तरी का? बाप जिवंत असताना मुंडी कापतोय तो!"

तिने तोंडावर हात घट्ट धरला. तिलाही धक्का बसलाय. शेवटी तिच्याही डोळ्यांदेखत आकेंनी त्या घरात सगळ्यांना वाटून दिलंय.

१४ ऑक्टोबर

तिकीट काढायला स्टेशनवर गेलो. उद्याची गाडी. तोंडावर विचारायचं दादाला, पंचांसमोर. खाणावळ गेली खड्ड्यात. आकेंना उचलून इथे घेऊन येतो, समरकंदात काय डॉक्टर नाहीत?

खिडकीपाशी रांगेत उभा असताना दादाचा फोन. कुंदुझने कळवलं असणार.

"येऊ नकोस."

"का? मुंडी संपली का सगळी?"

मी एवढं लागेलसं बोललो तरी तो उलटून बोलला नाही. मग म्हणाला, "सेरझान, आम्ही येतोय. सत्तावीसला. कादिर आगा पण येतायत." कादिर आगा म्हणजे आकेंचे थोरले चुलतभाऊ, आमच्या भावकीतली सगळ्यात पांढरी दाढी. ते घरातून उठून कुठे जात नाहीत.

"आणि आके?"

"सगळे येतोय."

"नीट सांग, आकेंना आणताय ना?"

"तू पाणी उकळत ठेव," दादा म्हणाला. "आम्ही येतो."

ही तर आकेंचीच भाषा! म्हणजे ते शेजारीच बसून सांगत होते. मी रांगेतून बाहेर आलो आणि तिथेच स्टेशनवर गाड्यावरचे मांस भरलेले दोन साम्से उभ्याने खाल्ले, जीभ भाजली तरी. कितीतरी दिवसांनी अन्नाला चव लागली. दादाचं बघू मग. आके येतायत, तेच त्याचा हिशेब करतील.

१९ ऑक्टोबर

आकेंची जागा तयार केली. दाराच्या समोर, भिंतीकडे, मानाची. त्यांना मांडी घालून फार वेळ बसवत नाही, म्हणून गाद्या एकावर एक चार टाकल्या आणि पाठीला लोड. तोमिरिस त्यावर चढून बसली आणि म्हणाली, "मी म्हातारी झाले." कुंदुझने तिला इतक्या जोरात खाली ओढलं की पोर रडायला लागली. मी रागावलो. कुंदुझही रडायला लागली. घरात एक मी सोडून सगळे हळवे झालेत.

साबिर आका आले. कर्णेवाले येणार नाहीत म्हणाले.

"का? शब्द दिला होता तुम्ही!"

"कर्णा बिघडलाय."

"दोन होते."

"दोन्ही बिघडले." आणि हा माणूस, ज्याने आजवर माझी थट्टा करायची एक संधी सोडली नाही, तो जमिनीकडे बघत उभा. "बेटा, काही लागलं तर सांग. कढई, लाकडं, माणूस. काहीही." आजवर मी 'ए कझाख' होतो. आज बेटा. जाताना त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला.

काहीतरी शिजतंय आणि मला त्याचा वास येत नाहीये. कदाचित हे सगळे मिळून मला उघडायच्या दिवशी चकित करणार असतील. कुंदुझला असले खेळ आवडतात. पण मग ती रडते का?

२३ ऑक्टोबर

आज कुठेच जेवायला गेलो नाही. गेले काही दिवस जिथे जातो तिथे जेवणाऐवजी म्हातारेच दिसतात. नान मोडणारे, पियालीत फुंकर मारणारे, मुलाने पुढे सरकवलेला मऊ तुकडा दाताविना चघळणारे. मला भीती वाटतेय, हे इथे लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. आके फोनवर येत नाहीत. एकदाही नाही. येणारा माणूस 'येतोय' एवढं तरी स्वतःच्या तोंडाने म्हणेल की नाही?

कुंदुझला सरळ विचारलं, "तुला काही माहीत आहे का?"

ती म्हणाली, "मला एवढंच माहीत आहे की ही खाणावळ तू उघडायची आहेस." डोळ्याला डोळा भिडवला नाही.

मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं. जीभच रेटेना.

२६ ऑक्टोबर

मुंडी भाजली, मागच्या अंगणात. केस जळल्याचा वास गल्लीभर. शेजारीण बादली घेऊन धावत आली, आग लागली म्हणून. खरवडली, धुतली, दात काढले, खालचा जबडा वेगळा केला. कान नीट ठेवले. कान फाटला की आके चिडतात.

साबिर आकांनी आज येऊन चाखलं, ठरल्याप्रमाणे. सबंध दुपार आच मंद ठेवली, फेस काढला, एकदाही उठलो नाही. रस्सा चहासारखा स्वच्छ. त्यांनी पियाली संपवली, परत पुढे केली, आणि म्हणाले, "आजाऱ्याचं नाही रे हे." एवढंच. दुसरा कोणी असता तर मी नाचलो असतो. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून नाचलो नाही.

२८ ऑक्टोबर, गाडीत

काल सकाळी मी स्टेशनवर जायला निघालो तर कुंदुझने वाट अडवली. "पाणी ठेवलंयस ना? मग तिथून हलू नकोस. साबिर आका जातील आणायला."

मी पातेल्यापाशी बसलो. फेस येत होता, काढत होतो. गल्लीतली माणसं जमायला लागली, नानवाला, शेजारीण, पुलाव खाताना मला हसलेले ते दोघेही. दारात साबिर आका दिसले. मागे कादिर आगा, काठी टेकत. त्यांच्या मागे आमच्या गावचे दोन म्हातारे. मग तोलेगेनदादा. त्याने दाढी केलेली नव्हती. त्याच्या मागे मी बघत राहिलो. दारात नुसतं ऊन होतं.

"आके कुठेत?"

दादाने कादिर आगांकडे पाहिलं. आगा म्हणाले, "प्रवासातून आलोय, पोरा. आधी हात धुऊ दे. पाणी उकळलं का?"

"उकळलं."

"मांस शिजलं?"

"शिजलं."

"मग वाढ."

मी वाढलं. काय सांगू, मला कळलं होतं. दारातलं ऊन बघितलं तेव्हाच कळलं होतं, कदाचित त्याच्याही आधी, सुरी बघितली तेव्हा. पण कुणी म्हटलं नव्हतं, आणि जोवर म्हटलं नाही तोवर मी वाढत होतो. पीठ, मांस, वरून कांद्याचा रस्सा. मानाच्या जागेवर चार गाद्या तशाच रिकाम्या. आगा त्यांच्या शेजारी बसले, त्यांवर नाही. मी मुंडीचं ताट आणलं आणि थोबाड आगांकडे करून ठेवलं.

आगांनी तळवे उघडून आशीर्वाद दिला. सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. मग त्यांनी दोन्ही हातांनी ताट धरलं आणि हळूहळू फिरवलं. थोबाड माझ्याकडे येईपर्यंत. सुरीची मूठ माझ्यापुढे केली.

"काप."

मी हात मागे घेतला. "मी नाही कापत. मला चालत नाही."

"आता चालतं," आगा म्हणाले.

कुंदुझचा हुंदका ऐकू आला. मी दादाकडे वळलो. मला वाटतं मी त्याची कॉलर धरली. "कधी?"

"पाच तारखेला. पहाटे."

"आणि मला? मी मुलगा नाही का त्यांचा? एक मूठ माती टाकू दिली नाहीत मला! दीड दिवसाची गाडी आहे, दादा! दीड दिवस!"

दादा कॉलर सोडवून न घेता म्हणाला, "मी फोन हातात घेतला होता. त्यांनीच काढून घेतला, आदल्या दिवशी. म्हणाले, त्याला आत्ता बोलावलंस तर तो येईल आणि परत जाणार नाही. पुन्हा अर्ध्यावर उठेल, आणि या वेळी माझं निमित्त होईल. त्याचं पाणी उकळू दे. मग सांगा. आणि फोनवर नको, माणसांत सांगा. शपथ घातली रे. मला, कुंदुझला, सगळ्यांना. मी काय करणार होतो?"

"मोडायची होतीस!"

"हो," दादा म्हणाला. "रोज वाटलं." आणि माझा थोरला भाऊ, जो आईच्या वेळीही रडला नव्हता, त्या सगळ्या परक्या माणसांपुढे रडायला लागला. मी त्याच्याबद्दल या पानांत काय काय लिहून ठेवलंय. खोडणार नाही. पण त्याने शपथ मोडायला हवी होती, हेही खोडणार नाही.

मला बाहेर पळून जायचं होतं. पाय दाराकडे वळलेही होते. गल्लीतली माणसं उठावं की बसावं या विचारात घास हातात धरून थांबली होती. रस्सा निवत होता. कादिर आगांनी सुरी तशीच पुढे धरली होती, त्यांचा हात म्हातारा, पण खाली येत नव्हता.

मी बसलो. सुरी घेतली.

उजव्या गालाचा तुकडा कापून आगांना दिला. मग गावच्या म्हाताऱ्यांना. मग साबिर आकांना, ते डोळे पुसत म्हणाले, "आके तुझे स्वर्गात जेवोत, बेटा." दादाला दिला. त्याने दोन्ही हातांनी घेतला. सगळे जेवायला लागले, मुकाट्याने, आणि त्या शांततेत मला ऐकू आलं की ते चवीने जेवतायत.

आज आम्ही गावी निघालोय, चाळिसावा दिवस होईपर्यंत तिथेच. खाणावळीची किल्ली साबिर आकांकडे आहे. परत येईपर्यंत रोज पातेलं चढवतो म्हणाले, "पण मसाला घालीन हं थोडा," आणि स्वतःच्याच थट्टेवर हसायला त्यांना जमलं नाही. कुंदुझ समोरच्या बाकावर बसली आहे. आम्ही अजून बोललो नाही. तिने मघाशी चहा दिला, मी घेतला. तेवढंच.

एक लिहायचं राहिलं. मुंडी वाटताना मी कान कापला आणि टाकला माझ्याच ताटात. सवयीने. हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. या वेळी कुणी हसलं नाही.

मग मागून हाक आली, "आके!"

मी दाराकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहत राहिलो. मग तोमिरिसने माझी बाही ओढली.

"आके, कान मला दे ना."

मी तो तिच्या ताटात ठेवला.